घरात माणसं चार, यादीत नावं चाळीस

वर्ध्यात रामनगरला म्हणा की आर्वी नाक्याकडे म्हणा, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स चढवून फोटो, सिनेमे आणि बँकेचे कागद साठवणारा घरगुती सर्व्हर आता नवलाचा राहिलेला नाही. बहुधा पुण्यातला मुलगा दिवाळीत येतो, सगळं बसवून देतो आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने परत जातो. मग कधीतरी बाबा 'इटीसी' फोल्डरमधली 'पासडब्ल्यूडी' ही फाइल उघडतात. घरात माणसं चार आणि यादीत नावं तीस-चाळीस! डीमन, बिन, सिंक, गेम्स, न्यूज आणि चक्क 'नोबडी'. लॉगिनच्या पडद्यावर यातलं एकही दिसत नाही, त्यामुळे संशय पक्का होतो आणि बोट डिलीटकडे वळतं. ते वळू नये. ही खाती घुसखोरांची नाहीत; उलट घुसखोर आलाच तर त्याचा हात लांबवर पोचू नये, म्हणून ती आहेत.

ही फाइल सातबाऱ्यासारखी वाचावी. योगायोगाने तिच्या प्रत्येक ओळीत रकानेही सातच असतात. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकारा'त सोसायटीचं नाव आलं, म्हणून सोसायटी काही वावरात राहायला येत नाही. इथेही तसंच. वेब सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने, ३३ क्रमांकाने चालतो. त्याच्यात भोक सापडून कुणी शिरला, तर त्याला हक्क मिळतात ते या ३३ नंबरचे. बाबांच्या बँकेच्या फोल्डरला परवानग्या नीट लावल्या असतील, तर तिथे त्याची डाळ शिजत नाही. हेच काम शून्य क्रमांकाच्या 'रूट'च्या नावाने चालू ठेवलं असतं, तर सगळं घरच त्याच्या हवाली झालं असतं. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, हे संगणकशास्त्रज्ञ साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे मात्र कार्यालयात शिक्का ज्याच्या हाती, सगळं त्याच्याच हाती, त्यामुळे ही कल्पना पचायला जरा जड जाते.

कुणी म्हणेल, एवढा सज्जनपणा आहे तर लपवालपवी कशाला? पण लपवलंय कुठे? ही फाइल त्या यंत्रावरचं कोणतंही खातं वाचू शकतं. डेबियन-उबंटूत माणसांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात, म्हणून लॉगिनचा पडदा खालच्यांना दाखवत नाही, इतकंच. ते दिसले तरी आत येता येणार नाही: चालणारा पासवर्ड नाही आणि शेलच्या, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी 'नोलॉगिन'. सिंक तेवढा अपवाद. त्याच्या शेलच्या जागी एक आज्ञा आहे. ती डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकते आणि संपते. नोबडीच्या घराचा पत्ता तर 'नॉनएक्झिस्टंट' असा सरळ नोंदवलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गेम्स, न्यूज, यूयूसीपी यांना आज काम काय? यूयूसीपी फोनच्या तारेवरून टपाल पाठवायच्या काळातलं. खरंय, काम जवळजवळ नाही. पण गेम्सची अख्खी ओळ ४७ अक्षरांची आहे, ती पुसून वाचणार काय? आणि पुसण्यात धोकाही आहे. नावाने गल्लत कशी होते ते आधी पाहा: गांधीजी राहायला आले ते सेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल तिकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. लिनक्स ही भानगडच ठेवत नाही, फाइलवर मालकाचं नाव न लिहिता क्रमांक लिहितं. १०० ते ९९९ मधलं एखादं खातं पुसलं, तरी त्याच्या फाइली तशाच उरतात. उद्या नव्या सेवेला तोच क्रमांक मिळाला, की ती त्या फाइलींची आयती मालकीण! फेरफार नाही, नोटीस नाही.

म्हणून संशय अगदीच सोडावा असं नाही, तो योग्य रकान्यात घ्यावा. क्रमांक शून्य असलेली ओळ फक्त रूटची हवी; दुसरी दिसली तर घाबरायला हरकत नाही. रूट सोडून हजाराखालच्या एखाद्या खात्याला 'बॅश' शेल आणि पासवर्ड दोन्ही मिळाले असतील, तर ते कुणी आणि कशाला दिले, हे पुण्याला फोन लावून विचारा. बाकीच्यांना, बाबा, हात लावू नका. दिवाळी अजून लांब आहे.