डिस्टिलरीतली उरलेली उष्णता: नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पावर तुमची नेमणूक झाली आहे, आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी “वाया जाणारी उष्णता शोधा” असं फर्मावलं आहे. हे काम नव्या माणसालाच देतात, कारण जुने तेवढ्या वेळात दिसेनासे होतात.

साहित्य: तापमापक, वही, जाड तळाचे बूट आणि रात्रपाळीच्या बॉयलर अटेंडंटशी ओळख. पहिल्या तीन वस्तू स्टोअरमध्ये मिळतात. चौथीसाठी त्याच्याबरोबर चहा प्यावा लागतो, आणि तो चहा गोड असतो.

पायरी पहिली. उष्णता शोधू नका, ती सगळीकडे आहे. फर्मेंटरमध्ये यीस्ट मळीतल्या साखरेचं अल्कोहोल करताना उष्णता सोडतं. टाकी बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपास राखली नाही तर ते यीस्ट मलूल पडतं, म्हणून गार पाणी सतत फिरवावं लागतं. एवढी उष्णता कूलिंग टॉवरवरून आकाशात जाताना पाहून नवशिका हरखतो आणि साहेबांकडे धावतो. धावू नये. अशा कोमट पाण्यात उष्णता भरपूर असली, तरी त्याच्याने काही उकळत नाही. उष्णता किती आहे हे नंतर पाहा, ती किती तापमानाला आहे हे आधी. वहीत पहिला रकाना तापमानाचा आखा. गार पाण्याच्या पंपाला नमस्कार करून पुढे चला.

पायरी दुसरी, आणि खरी. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७० किलोकॅलरी पुरतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. वाफ पुन्हा निवळली की हे ५४० ती जिथे निवळेल तिथे सोडते. म्हणजे कोमट पाण्यामागे लागणारा चिल्लर गोळा करतो आणि वाफ पकडणारा तिजोरी उघडतो.

उष्णता एकदा वापरून सोडून द्यायची नसते, हे आपल्याकडच्या चुलीला पूर्वीपासून माहीत आहे: जाळावर भाकरी, वैलावर दूध. साखरेच्या धंद्यात हा वैल आणला नॉर्बर्ट रिलिए याने. हा न्यू ऑर्लिन्सचा, जन्म १८०६चा, गौरेतर पण स्वतंत्र नागरिक, शिकला पॅरिसला. त्या काळी लुईझियानात गुलाम माणसं उघड्या कढयांतला उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत असत. रिलिएने भांडी बंद केली आणि एकामागे एक जोडली. पहिल्यातल्या रसाची वाफ दुसऱ्यातला रस उकळते, कारण दुसऱ्यात दाब कमी ठेवलेला असतो आणि कमी दाबाला रस कमी तापमानालाच उकळतो. पेटंट १८४३चं. तुमच्या कारखान्यातला इव्हॅपोरेटर त्याचाच वंशज आहे.

पायरी तिसरी. हीच युक्ती डिस्टिलरीत वापरा. अल्कोहोल शुद्ध करणारा रेक्टिफायर कॉलम दाबाखाली चालवा, म्हणजे त्याच्या माथ्यावरची अल्कोहोलची वाफ जास्त तापमानाला निघते. आंबलेल्या द्रावणातून, म्हणजे वॉशमधून, अल्कोहोल वेगळं काढणारा अॅनालायझर कॉलम निर्वाताखाली ठेवा, म्हणजे त्याचा तळ कमी तापमानाला उकळतो. आता एकाचा माथा दुसऱ्याच्या तळाला तापवतो. बॉयलरची वाफ एकदा घेतली आणि काम दोनदा झालं. मात्र दोन्ही कॉलम आता एकमेकांचे मिंधे झाले आहेत. एकाचा दाब हलला की दुसरा रुसतो, आणि दोघांची समजूत काढायला झोप पुरेशी झालेला ऑपरेटर लागतो. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल सुमारे ९५ टक्क्यांवर अडतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्ह शोषून घेतं. त्यातून बाहेर पडणारी गरम वाफही कुणाला तरी तापवू शकते. कुणाला, ते आराखडा बघून ठरवा.

स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेला द्रव. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर, काळा, गरम आणि चिकट. त्याच्या उष्णतेवर आत येणारा वॉश तापवून घ्या, हे सोपं. मग इव्हॅपोरेटरमध्ये आटवून तो खास बॉयलरमध्ये जाळा. राखेत पोटॅश राहतो, तो शेतात परत जातो. सगळं कागदावर इतकं गोजिरं दिसतं की संचालक मंडळ एकमताने टाळ्या वाजवतं. कागदावर नसतो तो क्षार. नळ्यांच्या आत त्याची खपली धरते आणि उष्णता पलीकडे जायचं नाकारते. हायड्रोजेटिंगवाला पाण्याच्या फवाऱ्याने ती खरवडून काढतो. माझ्या मते उष्णता वाचवणाऱ्यांत सर्वात मोठा तज्ज्ञ तोच, पण त्याला मीटिंगला कुणी बोलावत नाही.

चिमणी. धुराचं तापमान २२ अंशांनी उतरवलं की इंधन १ टक्का वाचतं. बॉयलरच्या पाण्याचं ६ अंशांनी चढवलं तरी तेवढंच. हे वाचून कुणी धूर गारच करायला निघेल. इंधनात गंधक असेल तर फार गार झालेल्या धुरातून आम्लाचं दव सुटतं आणि लोखंड खातं. म्हणून हाव आवरा.

आता एक पायरी, जी खरं तर सगळ्यांच्या आधी घ्यायची होती. यंत्रं विकत घेण्याअगोदर नागड्या पाइपांना लॅगिंग करा, उघडे अडकलेले स्टीम ट्रॅप बदला, गरम कंडेन्सेट गटारात न सोडता बॉयलरकडे परत न्या. ही कामं स्वस्त असल्यामुळे कुणी करत नाही. त्यांचं उद्घाटन होत नाही.

बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चोथ्याबद्दल तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल: “बगॅस काय, फुकटच आहे.” वाद घालू नका. गाळप संपेपर्यंत थांबा. हंगाम चार-पाच महिन्यांचा, डिस्टिलरी मात्र त्यापुढेही चालते, आणि तेव्हा साठवलेला बगॅस संपला की कोळशाचे ट्रक येतात. २० टक्के इथेनॉल मिश्रणाचं उद्दिष्ट देशाने २०३० वरून २०२५ वर आणलं, ते परदेशी तेल आणि धूर दोन्ही कमी व्हावेत म्हणून. हे इंधन कोळशाच्या वाफेवर शिजवलं तर धूर फक्त मोटारीतून गावाकडे सरकतो.

म्हणून प्रस्तावात किलोकॅलरी लिहू नका. मंडळात बसलेल्या ऊसउत्पादकाला तिचं वजन कळत नाही. बचत बगॅसच्या ट्रॉल्यांत मोजा आणि उन्हाळ्यात किती कोळसा टळेल ते पुढे रुपयांत लिहा. चेअरमन मान वर करतील. मंजुरी मिळाली की उद्घाटन बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशीच उरकून घ्या. मंडप घातलेलाच असतो.