भुयारवाले

वेसाव्याच्या धक्क्यावर रविवारी सकाळी हा माणूस हमखास दिसतो. खिशावर खिसे असलेलं जाकीट, पाठीला सॅक आणि लख्ख उन्हात कमरेला विजेरी. फेरीबोटीत स्कूटर चढवताना आरडाओरडा चाललेला असतो, मावशा टोपल्या सावरत असतात, वाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास असतो. याला त्यातलं काही जाणवत नाही.

"दादा, मढच्या किल्ल्यातलं भुयार कुठे निघतं?"

भुयार आहे का, असं तो विचारत नाही. तेवढं घरूनच ठरवून आलेला असतो. बोटीवरचा पोरगा दोरी सोडता सोडता म्हणतो, "तुम्हाला कुठे जायचंय?"

यांना आम्ही भुयारवाले म्हणतो. तसं नवल करायचं तर या किल्ल्यात पुष्कळ आहे. नाव वेसावे किल्ला, पण उभा आहे खाडीपलीकडे मढला! सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधला, वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी घेतला. हे सांगायला लागलं की भुयारवाले घड्याळ बघतात. छापून आलेला इतिहास त्यांच्या मते दुसऱ्या कुणासाठी असतो.

किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जायला परवानगी लागते, हे मी एकाला हळूच सांगितलं. बिचारा हिरमुसेल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा उजळला. "परवानगी का लागते, विचार केलाय कधी?"

"पण काका, सिनेमावाल्यांना मिळते की. आत किती खलनायक मेलेत."

"मेलेत ना? पण कॅमेरा एका कोपऱ्यात कधीच जात नाही. बघा नीट."

मी त्या दिवसापासून मारामारी सोडून कोपरेच बघतो. सिनेमाचा सत्यानाश झाला तो असा.

एकदा मीही हिशेब मांडून बघितला. मेट्रो-३ चं साडेतेहतीस किलोमीटरचं काम. २०१७ पासून राक्षसासारखी यंत्रं जमीन पोखरत होती, तरी पूर्ण मार्ग सुरू व्हायला २०२५ उजाडलं. मग पोर्तुगीजांनी कुदळी-फावड्यांनी खाडीखालून भुयार नेलं आणि कोळीवाड्यात कुणाची झोपसुद्धा मोडली नाही? "तेच तर त्यांचं कसब," काका म्हणाले. या वाक्यापुढे माझी मेट्रो बंद पडली.

त्यांच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, तोही खरा. २०१६ साली मलबार हिलच्या राजभवनाखाली खरोखरच ब्रिटिशांच्या काळातला बंकर सापडला. चांगला तेरा खोल्यांचा, दीडशे मीटर लांब. ती बातमी आली त्या आठवड्यात भुयारवाल्यांची छाती जाकिटात मावत नव्हती. पण २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झालं. "बघून आलात का?" मी विचारलं.

"छे! आता काय राहिलंय तिथे? दिवे लावलेत."

माझाही यात हात आहे, तो कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी, बोट चुकलेली, डोकं तापलेलं, अशा वेळी एकाने तोच प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून गेलं, "वसईला." मध्ये मनोरीची खाडी आहे, पुढे वसईची खाडी आहे, हे त्याच्या लक्षात येईल असं वाटलं होतं. त्याने वही काढली.

परवा धक्क्यावर एक नवीन गृहस्थ भेटले. विजेरी होतीच. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "भुयार थेट वसईला निघतं. मध्ये दोन खाड्या आहेत, म्हणूनच कुणाला संशय येत नाही. वेसाव्यातल्या एका जुन्या जाणकारानं सांगितलंय."

मी जुना कधी झालो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. वर्सोवा मेट्रो स्थानकावरून धक्क्यापर्यंत रिक्षा करा, तिथून फेरीने मढ. फक्त भुयाराचं बोटीवर कुणाला विचारू नका. उत्तर मिळेल.