चाखेकाका व्हिएतनामला जातात

चाखे हे आडनाव नाही. बसच्या मागच्या बाकांवरच्या मंडळींनी सहलीच्या दुसऱ्याच दिवशी बहाल केलेली ती पदवी आहे. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं जाऊ लागली, तशा तिकडे निघणाऱ्या मराठी सहली वाढल्या आणि प्रत्येक सहलीत एक तरी चाखेकाका निघू लागले. बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त, साठी ओलांडलेली, साखर काठावर, दात बव्हंशी स्वतःचे. टूर मॅनेजर गटातल्या सगळ्यांनाच काका-काकू म्हणतो, त्यामुळे माणूस ओळखायला काहीतरी खूण लागते. यांची खूण म्हणजे हातातली वही. बाकीचे देश बघायला आलेले असतात, काका तो खायला आलेले असतात. हा लाँगच्या उपसागरातले चुनखडीचे सुळके काय किंवा कु चीची भुयारं काय, त्यांच्या लेखी तो दोन खाण्यांमधला रिकामा वेळ.

तयारी व्हिसाच्याही आधीपासून चालू असते. अँथनी बोर्डेन या अमेरिकी शेफचे व्हिएतनामवरचे टीव्ही कार्यक्रम त्यांनी थांबवून थांबवून पाहिलेले असतात. वहीत हनोई, हुए, होई आन आणि सायगॉन अशी चार प्रकरणं पाडलेली असतात. निघण्याआधीच्या बैठकीत इतरांचे प्रश्न ठरलेले: प्लगला अडॅप्टर कुठला, डोंग इथूनच घ्यायचे का, कांदा-लसणाशिवाय मिळेल ना. काका हात वर करून विचारतात, "सकाळचा नाश्ता हॉटेलातच घ्यायची सक्ती आहे का?" मॅनेजर कसलेला असेल तर त्याच क्षणी त्यांच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारतो.

पैसे आधीच भरलेला नाश्ता सोडायचा, ही मराठी माणसासाठी साधी गोष्ट नव्हे. काका तो सोडतात, यावरून त्यांची निष्ठा ओळखावी. सकाळी साडेसहाला ते काकूंना घेऊन हनोईच्या जुन्या पेठेत, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसलेले असतात. बसतात म्हणजे खाली जातात. स्टूल जेमतेम फूटभर उंच, गुडघे हनुवटीशी आणि उठायची वेळ आली की मालकीणबाईंचा हात. समोर येतो फो. तांदळाच्या चपट्या शेवया, वर कांद्याची पात आणि हाडं तासन्‌तास उकळून काढलेला नितळ रस्सा, त्यात भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, दालचिनी, चक्रीफूल. मूळ मान गोमांसाच्या फोला. काका ते खात नाहीत, म्हणून कोंबडीचा, फो गा. हनोईकर तो साधाच खातात, फार तर लिंबू, मिरची आणि लसूण मुरवलेलं व्हिनेगर. ताटभर पाला आणि मोड आलेले मूग वरून घालायची रीत दक्षिणेतली. शेजारच्या स्टुलावरची एक परदेशी मुलगी पाला मागत असते, तिला काका हे समजावून सांगतात. मुलगी ऐकून घेते. मालकीणबाई तिला पाला आणून देतात.

काकू मात्र वाडग्यावर वाकून नुसता वास घेतात आणि म्हणतात, "अहो, यात बाद्यान आहे."

आहेच. चीनच्या सीमेला लागून असलेल्या लांग सोन प्रांतात चक्रीफुलाची झाडं आहेत आणि व्हिएतनामच्या चक्रीफुलाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत आहे. काकूंच्या मालवणी मसाल्याला ज्याचा वास, ते बाद्यान बहुधा याच देशातून निघालेलं. काकांच्या वहीत ही नोंद नव्हती. ते ती करून घेतात, स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या नावावर.

दुपारचं ठिकाण मुंबईतच ठरलेलं असतं. 23 मे 2016 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा आणि बोर्डेन हनोईतल्या एका साध्या खाणावळीत बुन चा खायला बसले होते. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, ते बुडवायला आंबटगोड पाणी, बाजूला तांदळाच्या शेवया आणि हिरवा पाला. सोबत हनोई बिअरची बाटली. बिल झालं सहा डॉलर. ते बोर्डेननं भरलं आणि भरल्याचं जगजाहीरही केलं. खाणावळीनं पुढे ते टेबल काचेच्या पेटीत बंद केलं आणि 'कॉम्बो ओबामा' नावाचं ताट विकायला काढलं. काका गटातल्या चौघांना पटवून इथे आणतात. त्यातले दोघं डुक्कर खात नाहीत, हा शोध ताट समोर आल्यावर लागतो. त्या दोघांचं शेवयांवर आणि बिअरवर भागतं. काका काचेपुढे उभे राहून फोटो काढून घेतात, पाठ किंचित ओबामांसारखी ताठ करून.

शाकाहारी मंडळींशी त्यांचं वागणं जरा क्रूरच. गटातल्या एखाद्या बाईंनी परतलेल्या पालेभाजीचा पहिला घास उचलला की काकांना नुओक माम आठवतं. फु कुओक बेटावर मांदेलीच्या जातकुळीतले बारीक मासे मिठात घालून लाकडाच्या अवाढव्य पिंपांत साधारण वर्षभर मुरवतात आणि खाली जो तांबूस अर्क उतरतो तो म्हणजे नुओक माम. युरोपीय संघानं 2012 मध्ये फु कुओकच्या या नावाला संरक्षण दिलं. आणि हा अर्क, काका चमचा हलवत सांगतात, इथे मीठ घालावं तसा घालतात, भाजीतसुद्धा. घास हातातच राहतो. माहिती खरी आहे, सांगायची वेळ तेवढी चुकते. पण वेळ साधली असती तर ते चाखेकाका झाले नसते.

हनोईतली त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे अंड्याच्या कॉफीची. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकाराचा होतो. वर्ष 1946. नग्वेन वान ज्यांग हा मेट्रोपोल हॉटेलात पेयं बनवणारा माणूस. शहरात दुधाची टंचाई. त्यानं अंड्याचा बलक साखरेबरोबर फेस येईस्तोवर घोटला आणि दुधाच्या जागी कडक कॉफीवर ओतला. पुढे त्यानं स्वतःचं दुकान काढलं. ते आजही त्याच्या घरचेच लोक चालवतात. अरुंद बोळातून आत जायचं, पुन्हा त्याच बुटक्या स्टुलांवर बसायचं. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून येतो, कारण निवला की फेस बसतो आणि अंडं आपलं अस्तित्व सांगू लागतं. वरचा थर आधी चमच्यानं खायचा की ढवळून घ्यायचा, यावर काकांचं ठाम मत आहे. दर सहलीला ते वेगळं असतं. साखरेचं काय, असं काकूंनी विचारलं तर उत्तर येतं, "ती अंड्याला लावलेली आहे, कॉफीला नाही."

कॉफीच्या बाबतीत मात्र त्यांचं ऐकावं. फ्रेंच मिशनऱ्यांनी 1857 मध्ये आणलेल्या या पिकात व्हिएतनाम आज ब्राझीलखालोखाल जगात दुसरा आहे आणि रोबस्टा पिकवण्यात पहिला. ही कॉफी कडू, जाड आणि अंगावर येणारी असते. कपावर ठेवलेल्या पत्र्याच्या छोट्या गाळणीतून, फिनमधून, ती थेंबाथेंबानं गळते. खाली डब्यातलं आटवलेलं गोड दूध, कारण ताजं दूध तिथे मुबलक कधी नव्हतंच. हुएमध्ये 2010 साली एका छोट्या दुकानानं तिच्यावर खारवलेली साय घालायला सुरुवात केली आणि ती खारी कॉफी देशभर पसरली. हे सगळं वाखाणण्याजोगं. पण सायगॉनच्या बेन थान बाजारात तेच काका उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी म्हणून स्वस्तातली पुडी घेतात. खरी असती तर त्या भावात मिळाली नसती, आणि खरी असली तर बहुतेक वेळा त्या मांजराला पिंजऱ्यात कोंडून बिया खायला घातलेल्या असतात. दोन्ही बाजूंनी घेऊ नये अशी ती वस्तू. काका दोन पुड्या घेतात, एक व्याह्यांना.

संध्याकाळी बिया होय. रोज बनणारी, न टिकणारी, पाण्याला बरी म्हणावी इतकी हलकी बिअर. पिंपं सकाळी येतात आणि त्याच दिवशी संपवायची असतात. ती टिकत नाही म्हणून ती प्यायलाच हवी, हा काकांचा युक्तिवाद निदान हनोईच्या ता हिएन गल्लीत तरी कुणाला खोडता आलेला नाही.

होई आनला गाडी थोडी घसरते. तिथला खास पदार्थ काओ लाऊ: जाड, पिवळसर, दाताला लागणाऱ्या शेवया, थोडं डुकराचं मांस, कुरकुरीत तुकडे, पाला आणि तळाला दोन चमचे रस्सा. परंपरा अशी की या शेवयांचं पीठ बा ले नावाच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात, जवळच्या चाम बेटांवरच्या लाकडाची राख कालवून भिजवायचं. काकांना शेवयांपेक्षा विहीर महत्त्वाची. त्याच दिवशी गट मी सोनच्या चाम मंदिरांत शिवलिंगाला हात जोडून परतलेला असतो, आणि हे चाळीस अंश वाटणाऱ्या उन्हात गल्लीबोळातून विहीर शोधत फिरतात. चौकोनी विटांची विहीर एकदाची सापडते. तिच्यात डोकावून ते समाधानानं मान हलवतात. पाणी चाखायला मिळत नाही, ही हळहळ वहीत नोंदवली जाते.

तेवढ्या वेळात काकू बाजारात जेवून झालेल्या असतात.

काकूंची पद्धत वेगळी. त्यांच्याकडे वही नाही, त्यांनी एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. त्या बाजारात शिरतात, आपल्या वयाच्या बाया जिथे दाटीनं बसल्यात तिथे जातात आणि शेजारणीच्या वाडग्याकडे बोट दाखवतात. असंच त्यांना 'चे' सापडलं: शिजवलेले मूग, साबुदाण्यासारखे मोती, नारळाचं दूध आणि वर चुरलेला बर्फ. मुगाचं कढण उन्हाळ्याच्या सुटीला गेलं तर असंच दिसेल. बान खोत आणि बान बेओ या तांदळाच्या पिठाच्या पदार्थांमधला फरक काका वाचून सांगतात. काकूंनी दोन्ही खाल्लेले असतात. मोडक्या तांदळाचा भात, कोम ताम, सायगॉनकर अभिमानानं खातात हे ऐकून काकांना नवल वाटलं, काकूंना नाही. कण्या वाया घालवायच्या नसतात हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

शाकाहाऱ्यांचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. व्हिएतनामी बौद्ध घरांतून चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'चाय', म्हणजे निखळ शाकाहारी जेवायची रीत आहे. त्या दिवशी कित्येक गाड्यांवर आणि खाणावळींत एरवी नसणारे चायचे पदार्थ मिळतात: टोफू, अळंबी, फणस, सोयाच्या पाण्यात घोळवलेल्या शेवया, आणि मासळीचा अर्क नाही. त्यांचा पहिला दिवस अमावास्येचा, पंधरावा पौर्णिमेच्या आसपासचा. काकूंच्या पर्समध्ये कालनिर्णयचं घडी घातलेलं पान असतंच. पौर्णिमेला त्यांनी गटातल्या सगळ्या शाकाहारी बायकांना हुएतल्या एका चाय खाणावळीत नेलं. एरवी रोज रात्री भारतीय हॉटेलातला तोच पनीर आणि तीच पिवळी डाळ खाऊन कावलेल्या त्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा व्हिएतनाममध्ये जेवल्या. हुए ही जुनी राजधानी, पॅगोड्यांचं शहर. शाकाहारी स्वयंपाकात तिचा हात आजही धरता येत नाही.

ड्युरियनबद्दल दोन शब्द. हॉटेलच्या लिफ्टमध्ये त्या फळावर लाल फुली मारलेली पाटी असते. काकांनी ते फळ रस्त्यावर, उभ्यानं, कॅमेऱ्याकडे बघत खाल्लं. वहीत त्यापुढे फक्त 'वेगळं' असं लिहिलेलं आहे. त्यांच्या वहीत 'आवडलं नाही' हा शेराच नाही. 'वेगळं' लिहिलं की समजून घ्यायचं.

घरी परतल्यावर काका सोसायटीत व्याख्यान देतात, आणि शहरात नव्या निघालेल्या हॉटेलातला फो हा फो नव्हे असं वेटरला सांगतात. असह्य माणूस आहे. पण मुद्द्यावर तो बरोबर आहे: व्हिएतनामचं खरं खाणं सकाळी, रस्त्यावर आणि बुटक्या स्टुलांवर आहे, आणि तीनही जेवणं बसमधून उतरून बसमध्ये चढेपर्यंत उरकणाऱ्या सहलीला ते दिसत नाही. तेव्हा तिकिटं काढण्याआधी तिथी बघून घ्या. काकांच्या वहीचे फोटो काढून घ्यायला हरकत नाही, बाजारात मात्र काकूंच्या मागे राहा. आणि पैसे देताना शून्यं मोजा: 20,000 डोंगांची आणि 5,00,000 डोंगांची, दोन्ही नोटा निळसरच असतात.