सहा खंडांतला पुरावा

मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ९६,०३२ कोविड रुग्ण, ६७१ रुग्णालयं, सहा खंड. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेणारे जास्त दगावले, असा निष्कर्ष. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतलं ते औषध थांबवल्याचं जाहीर केलं. एवढी चपळाई सरकारी दवाखान्यात दिसती तर!

माहिती पुरवली होती सर्जिस्फिअर नावाच्या चिमुकल्या अमेरिकी कंपनीने. ऑस्ट्रेलियातले मृत्यू तिच्या हिशेबात ७३, देशाच्या नोंदीत त्याच काळातले ६७. खुलासा आला: आशियातलं एक रुग्णालय चुकून तिकडच्या यादीत गेलं. अख्खं रुग्णालय, खाटा-सलाईनसकट, समुद्रापार! मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर गोपनीयतेचे करार आडवे आले. ४ जूनला निबंध मागे.

आता नियम नव्हते म्हणावं, तर रुग्णनोंदींवर बेतलेले अभ्यास कसे मांडावेत हे सांगणारी 'रेकॉर्ड' मार्गदर्शिका २०१५ पासून आहे. रुग्ण कुठल्या संकेतांकांनी निवडले, नोंदी एकमेकींना कशा जोडल्या, साफ कशा केल्या, सगळं लिहा म्हणते. सोबत तपासणीसूची, तीत 'हे निबंधात कुठे आहे' असा रकाना. तो भरला की झालं. तिथे लिहिलेलं खरं आहे का, यासाठी रकाना नाही.

सप्टेंबरात 'लॅन्सेट'ने नियम कडक केले: एकाहून अधिक लेखकांनी माहिती स्वतः तपासल्याचं लिहून द्यायचं. तोवर लेखक म्हणून नाव लावायला काय तपासावं लागत होतं, हे विचारणं बहुधा असभ्यपणाचं ठरलं असतं.