आमच्या टाकीच्या झाकणास, स. न. वि. वि.

मा. झाकण महोदय,
मूळ पत्ता : गच्ची, ब विंग, मिरा रोड (पूर्व).

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं आणि आपण आमच्या काळ्या टाकीवरून उडालात. निरोप नाही, राजीनामा नाही. त्यानंतर सोसायटीच्या चार वार्षिक सभा झाल्या. पहिलीत आपला विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये होता, पण तेवढ्यात समोसे आले. दुसरीत तीन कोटेशनं मागवायचं ठरलं. तिसरीत कुणीतरी म्हणालं, गेटचा रंग गेलाय. गेट रंगवलं. चौथीला कोरम भरला नाही.

एवढ्यावरही मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं. पण गेल्या श्रावणात मला मलेरिया झाला.

आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड आणि मला थंडीही एक दिवसाआड. दोन गोधड्या, त्यावर सतरंजी, त्यावर बायकोचा हात, तरी पलंग खडखडतोय. मग ताप, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी माणूस असा ठणठणीत की ऑफिसला खोटं वाटावं. डॉक्टर म्हणाले, हा व्हायव्हॅक्स, दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतो. आमचं पाणी इतक्या नेमानं कधी आलं नाही. शिवाय हा यकृतात दडी मारून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या, १४ दिवस.

भेटायला आलेल्यांनी आरोपी ठरवून टाकले होते. भाईंदरची मिठागरं. खाडी. तिवरं. मागचा नाला. एका काकांनी तर मेट्रोच्या खांबांनाही सोडलं नाही. आपलं नाव एकानंही घेतलं नाही, महोदय.

मग भाऊंनी धूर सोडला. कोण भाऊ? पुढच्या निवडणुकीत जे उभे राहणार आहेत ते. ‘भाऊंच्या सौजन्याने’ असा फलक, मागे यंत्र, यंत्रामागे पोरं, पोरांमागे मोबाइल. नाल्यावर असा धूर झाला की दोन चिमण्या आमच्या बाल्कनीत आश्रयाला आल्या. धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला ढिम्म काही होत नाही. आणि नाल्यातला डास म्हणजे बहुतेक क्युलेक्स. तो रात्रभर छळतो, पण मलेरिया देत नाही. शहरात मलेरिया देणारी ती ॲनाफिलीस स्टिफेन्सी. तिला गटार चालत नाही. तिला स्वच्छ, साठवलेलं, संथ पाणी लागतं. थोडक्यात, आम्ही पितो ते.

गोळ्या संपल्यावर मी लटपटत गच्चीवर गेलो. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला, म्हणून चार दिवस थांबून. शिडी नाही, म्हणून खुर्चीवर खुर्ची ठेवून. टॉर्च मारला. पाण्यावर जिरं सांडावं तशा अळ्या, सपाट, पृष्ठभागाला चिकटून. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबते. ही मात्र आडवी पडते. एक हललं, मग सगळं जिरं हललं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपण गेल्यापासून किती पिढ्या झाल्या, याचा हिशेब मी मांडायला घेतला आणि सोडून दिला.

यात नवीन काय आहे? रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो १८९७ मध्ये. डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला १९११ मध्ये, आणि बोट ठेवलं ते याच डासावर आणि शहरातल्या विहिरींवर. विहिरी झाका, बुजवा म्हणाले. विहिरी गेल्या, टाक्या आल्या, बाईंनी फक्त पत्ता बदलला. आता तर ती परदेशी गेली. २०१२ मध्ये आफ्रिकेत, जिबूतीला सापडली. त्या वर्षी तिथे मलेरियाचे तीसेक रुग्ण होते, २०२० मध्ये सत्तर हजारांच्या वर. आणि आमच्याकडे गेट रंगवलं.

टाकी तरी हौसेनं बसवली का? पाणी पुरत नाही म्हणून. सूर्या धरणाचं पाणी येणार, येणार, हे ऐकत माझे केस पिकले. पाणी नाही म्हणून साठवायचं, साठवलं म्हणून डास, डास झाले म्हणून धूर. इमारतीत सव्वादोनशे माणसं, आणि चारशे-पाचशे रुपयांचं झाकण आणायला एकाच्याही हाताला वेळ नाही. मीही त्यातलाच. पहिल्या सभेत सही करून समोसा घेतला आणि वर आलो.

माझ्या आधी दोन महिने वॉचमनच्या मुलीला ताप आला होता. सहा वर्षांची. ते कुटुंब पंपाच्या खोलीत राहतं. तिचा ताप कुणी मिठागरावर ढकलला नाही, कारण कुणी विचारलंच नाही. भाऊंचा धूर आला नाही. ‘त्यांच्याकडे स्वच्छता नसते हो’, एवढं एक वाक्य लिफ्टमध्ये ऐकलं. मी तेव्हा मोबाइल बघत होतो. लाज वाटते लिहिताना, पण खुलं पत्र आहे तर खुलंच असू दे.

आणि परवा आपण सापडलात. पंपाच्या खोलीच्या दाराशी, पाण्याच्या निळ्या पिंपावर, जरा तिरके, वर एक वीट. वादळानंतर कुंपणाशी पडला होतात, असं वॉचमनची बायको म्हणाली. मुलीचा ताप उतरल्यावर तिनं तुला अडगळीतून काढलं, घासलं आणि पिंपावर बसवलं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, पाणी झाकून ठेवा. अख्ख्या इमारतीत ते ऐकणारी ती एकटी.

सेक्रेटरी गावाहून आलेत. ‘सोसायटीची मालमत्ता आहे, ताब्यात घ्या’ म्हणाले. तीन वाक्यांत मी त्यांना जे सांगितलं ते इथे छापता येणार नाही. तू तिथेच राहा. विटेसकट राहा.

काल मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, ‘तोंडाचं माप किती?’ मी सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, सभेत विचारू.

आपला,
तिसरा मजला, ब विंग