चिल्हरकाका

चिल्हरकाका भाजी घेत असतील तर मागच्या गिऱ्हाइकानं सरळ दुसरा ठेला गाठावा. दोडके पिशवीत पडलेले असतात, सतरा रुपयांचा हिशेब झालेला असतो आणि काका तळहातावर नाणी पसरून एकेकाचं साल वाचत उभे असतात. सालाखाली चौकट दिसली तर मुंबईची टांकसाळ, चांदणी दिसली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा. काहीच नसलं की कोलकाता. "बंगाली माणूस पाटी लावत नाही, त्याला वाटते आपल्याला सारे ओळखतात," हे काकांचं त्यावरचं भाष्य. भाजीवाली म्हणते, "जल्दी दे ना कका." काका एक नाणं देतात, ते परत मागून घेतात, उलटं करून बघतात, खिशात टाकतात आणि शेवटी वीसची नोट काढतात. वर तीन रुपये सुटे घेतात. तीन नवी नाणी तपासायला मिळाली, म्हणजे दोडके फुकटच पडले असा त्यांचा हिशेब.

काका मूळचे रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी वस्तीतले. पाटबंधारे खात्यात कारकून होते, नोकरीत असतानाच समता कॉलोनीत घर बांधलं. नोकरीत त्यांनी कुणाचा एक पैसा ठेवला नाही असं सगळे सांगतात. निवृत्तीनंतर मात्र स्वतःचा एक पैसा सोडलेला नाही. बैठकीच्या फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले असतात आणि प्रत्येकावर कारकुनी अक्षरातली चिठ्ठी: 'रु. 1, 92 ते 04, तपासलेले', 'रु. 2, तपासणी बाकी', 'संशयित'. संशयितांचा डबा सगळ्यात मोठा आहे.

"जुनं म्हणजे महाग, हे येड्यांचं गणित," काका सांगतात. मौर्यांच्या काळातली ठसे ठोकलेली चांदीची आहत नाणी हंडेच्या हंडे सापडली, म्हणून ती आजही काहीशे रुपयांत मिळतात. उलट काल-परवाचा साधा रुपयासुद्धा भाव खाऊन जातो. त्या साली त्या टांकसाळीनं किती पाडले, त्यातले कोरे करकरीत किती उरले, आणि पाडताना यंत्रापाशी कोण डुलक्या घेत होतं, एवढंच बघायचं. काकांचं खरं प्रेम या तिसऱ्या माणसावर आहे. चकती ठशाखाली सरकली की सिंह अर्धा कापला जातो. ठसा फिरला की नाणं उलटताच सिंह आडवा पडलेला दिसतो. ठशाला तडा गेला की नाण्यावर केसासारखी उंच रेघ उठते. असलं नाणं हाती आलं तर तुम्ही-आम्ही ते खोटं समजून बसच्या तिकिटात खपवू. काका त्याला नमस्कार करतात. सरकारी कामातली चूक इतकी मोलाची असते हे उभ्या नोकरीत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परदेशी नाण्यांचा डबा वेगळा. परदेशी म्हणजे आपलेच रुपये, बाहेर पाडून आणलेले. 1985 च्या सुमाराला देशात चिल्लरीची इतकी ओरड होती की सरकारनं ब्रिटनमध्ये नाणी पाडून घेतली; बर्मिंगहॅमच्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच आहे. नव्वदचं दशक संपता संपता मेक्सिको, कोरिया, दक्षिण आफ्रिका इथूनही नाणी आली. मेक्सिकोची खूण म्हणजे एम आणि त्याच्या डोक्यावर टिचभर ओ. शेजाऱ्यांची पोरं अमेरिकेला गेल्याचं कौतुक कॉलोनीत कुणी सुरू केलं की काका शांतपणे म्हणतात, "आमचा रुपया मेक्सिकोहून आलेला आहे, आणि तो परत जाणार नाही."

एकदा त्यांनी मला भिंग देऊन खुर्चीत बसवलं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, गोल बाजारातून आणलेलं. रुपया पुढ्यात सरकवला. "ठिपका दिसून राहिला का?"

सालाखाली काहीतरी होतं खरं, पण ते मध्यावर नव्हतं. "काका, गंज वाटतो."

"गंज? 92 पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. गंजेल काऊन?"

"मग वरण असेल."

काका दुखावले. नाणं नाकापाशी नेलं, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. "हिंगाचा वास तर येते," त्यांनी नाइलाजानं कबूल केलं. मी नखानं खरवडायला गेलो तर मनगट धरलं. नाणं संशयितांत गेलं.

या धाकाचं कारण काकू आहेत. एका दिवाळीला घर आवरताना त्यांनी पाचाच्या जाड नाण्यांचा डबा चिंच-मीठ लावून घासला. स्टीलचं काही बिघडलं नसतं, पण 1992 पासून निघालेलं ते जाड पाच तांबं आणि निकेलचं. कोऱ्या नाण्यावर वर्षानुवर्षांची जी मंद छटा चढते तिचेच संग्राहक पैसे देतात, आणि घासलेलं नाणं कितीही चमकलं तरी बाजारातून उतरतं. देवघरातल्या समयांसारखी लखलखणारी ती नाणी बघून काका दोन वेळ जेवले नाहीत. काकूंनी समजूत काढली, "अहो, पाचाची पाचच राहिली ना?" तिथेच तर सगळा वाद आहे. 9 ग्रॅमच्या त्या नाण्यात पाऊण हिस्सा तांबं आणि पाव हिस्सा निकेल, आजच्या भावानं नुसता धातूच पाचाच्या वर जातो. वितळवणं मात्र 2011 च्या नाणे कायद्यानं गुन्हा. एकेकाळी आपले रुपये चोरवाटेनं बांगलादेशात जायचे आणि तिथे त्यांची दाढीची पाती व्हायची, हे सांगताना काका स्वतःच्या गालावरून हात फिरवतात.

संतांचा डबा देवघरात असतो. 1999 साली ज्ञानेश्वरांचा एक रुपया निघाला, त्याच साली शिवाजी महाराजांचे दोन रुपये, आणि 2002 मध्ये तुकारामांचे दोन. माऊलींना एक आणि तुकोबांना दोन, हे दिल्लीत कुणी ठरवलं याचा छडा काकांना अजून लागलेला नाही. ही नाणी चलनासाठीच भरपूर पाडलेली, हाताळून झिजली तर वरचा भाव जवळपास नाहीच, हेही त्यांना पाठ आहे. तरी सुटत नाहीत. "माऊलींना किराण्यात देऊ?" या प्रश्नावर कोण काय बोलणार?

धर्मकार्यात काका वाकबगार आहेत. चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीचं ताट फिरलं की काका शंभराची नोट टाकतात आणि तेवढी नाणी उचलतात. कार्यकर्त्यांना हे सोयीचंच, मोजायचा त्रास वाचतो. लग्नातल्या अहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया ते असा अलगद सोडवतात की पाकीट पुन्हा वापरता यावं. गुरुजींशी त्यांचं खास सख्य आहे. 30 जून 2011 ला चार आणे चलनातून गेले आणि सव्वा रुपयाची दक्षिणा मोडीत निघाली. पण काही घरांत अजून सव्वाच लागतो. मग यजमान काकांकडे येतात. गेंडा छापलेली ती पंचवीस पैशांची चकती, जिची किंमत सरकारी हिशेबात आता शून्य आहे, काका पूजेपुरती उधार देतात आणि संध्याकाळी परत आणतात. आजवर त्यांच्या हातून कुठल्या नाण्याला दर्शनी किमतीपेक्षा जास्त मान मिळाला असेल तर तो याच मेलेल्या चार आण्यांना.

घासीदास संग्रहालयात जायची त्यांना हौस. शरभपुरीय राजांची सोन्याची नाणी याच प्रदेशात सापडली. पत्रा इतका पातळ की एकाच बाजूनं ठोकून नक्षी उठवलेली, मागची बाजू पोकळ. त्यांच्यातल्या प्रसन्नमात्र राजाच्या नाण्यांविषयी काकांचं मत असं: "एकाच बाजूनं छापलं? आज असतं तर चुकीचं नाणं म्हणून भाव पाहिला असता!"

मोबाइलवरच्या जाहिरातींना मात्र ते बधले नाहीत. वैष्णोदेवीचं नाणं द्या, ट्रॅक्टरची पाचाची नोट द्या, लाखो घ्या. फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये अशा लोकांपासून सावध राहायला सांगितलं, पण काका त्याआधीच सावध होते. ज्याच्या खिशातून रुपया निघत नाही, त्याला नोंदणीचे पैसे भरायला कोण लावणार?

त्यांची खरी पंचाईत दहाच्या नाण्यानं केली. रायपूरच्या बाजारात दहाचं नाणं पुढे केलं की दुकानदार हात मागे घेतो. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये 14 ठशांची सगळी नाणी चालतात असं जाहीर केलं, 14440 या नंबरावर तशी ध्वनिफीतही ऐकवली. काकांनी ती भाजीवालीच्या कानाला लावली. तिनं शेवटपर्यंत ऐकली आणि फोन परत दिला. "ओ मन ला दे देबे, इहाँ नइ चलय." म्हणजे त्यांनाच द्या, इथे चालत नाही. सरकार म्हणतं दहा, काका म्हणतात हजार, बाजार म्हणतो शून्य. काकांनी डब्यावरची चिठ्ठी बदलून 'दीर्घ मुदत' लिहिलं.

मागे एक तरुण व्यापारी त्यांच्याकडे आला होता, कुठल्याशा नाणे-प्रदर्शनासाठी फिरत. डबे बघता बघता तो अर्ध्या सिंहाच्या दोन रुपयांवर थांबला. कडेला कोरी चंद्रकोर सुटलेली, सालाचे दोनच आकडे उरलेले. "काका, चारशे देतो."

काकू दारात आल्या. "द्या हो. मिक्सरचं भांडं येईल."

काकांचा चेहरा बदलला. "चारशे काऊन? म्हणजे आठशेचं आहे."

पोरगा तयारीचा. जरा कुरकुरला आणि आठशेला आला. काकांनी भिंग लावून त्याच्याकडेच पाहिलं. "एवढ्या लवकर आठशे? मग हे माझ्याच्यानं विकणं होत नाही." नाणं डब्यात, डबा फळीवर. काकू काही न बोलता चहा टाकायला गेल्या.

चहा पिऊन पोरगा उठला. बाहेर ऑटो उभा होता. त्यानं खिसे चाचपले, पाचशेची नोट काढून पुन्हा आत ठेवली. "काका, ऑटोवाल्याला द्यायला दहा-वीस रुपये सुटे होतील का?"

काकांनी डब्यांच्या ओळीवरून एकदा सावकाश नजर फिरवली.

"सुटे नाहीत रे बाबा घरात."