पानं कोणी खाल्ली?

धानाच्या बांध्यांत लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की भंडाऱ्याच्या माणसाने फुलांच्या बियांची पुडी सोडावी. भर पावसात पेरलं तर वाफ्याची बोडी होते आणि मे महिन्यात पेरलं तर बी मातीतच भाजून निघतं. झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही मंडळी मात्र फारशी नखऱ्याची नाहीत. बी पसरा, वर भुरभुर माती घाला, आठवड्याभरात झिनियाची जोडपानं डोकी वर काढतात. तिघांचंही मूळ गाव मेक्सिको. पण झेंडूला हे सांगू नये. दसऱ्याच्या तोरणात तो इतका मुरलाय की त्याचं नाव केव्हाच मतदार यादीत लागलंय.

फुलपाखरांसाठी लावायचा तर झेंडू एकेरी पाकळ्यांचा घ्यावा. आपल्याला आवडतो तो गच्च गोंडा, आणि त्यात सोंड नेमकी कुठे घालायची हे बिचाऱ्या फुलपाखराला उमगत नाही.

वाफा फुलला की फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. फूल ही त्यांची चहाची टपरी. संसार थाटायला पान लागतं, आणि तेही ठरलेल्या झाडाचं. मादी पानावर उतरते ती पायांनी चव घेत. पान पसंत पडलं की अंडं. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असा मान देणारं हे पहिलं राज्य. त्या राजमान्य फुलपाखराचं बाळपणही लिंबाच्या जातीची झाडं खाण्यातच जातं.

आमच्या अंगणात मान नसलेलं लाइम बटरफ्लाय येतं, आणि ते थेट गोडलिंबावर बसतं. त्याची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. सोंग इतकं बेमालूम की शेजारच्या काकू फसल्या. पण अळी मोठी झाली, हिरवी झाली, आणि फांदीचे नुसते देठ उरले.

"काहून जी, गोडलिंबाला कीड लागून राहिली. फवारा मारा न!"

"काकू, हेच ते फुलपाखरू."

काकूंनी काडीने अळीला डिवचलं. तिने डोक्यामागून नारिंगी दुशिंग बाहेर काढलं आणि असा उग्र वास सोडला की काकू दोन पावलं मागे सरल्या.

त्या मानाने रुईवरच्या प्लेन टायगरची काही तक्रार येत नाही. रुईचं पान शनिवारी मारुतीला लागतं, फोडणीला नाही. रुईचा चीक पचवलेलं फुलपाखरू पक्ष्यांना नकोसं होतं. डॅनेड एगफ्लायच्या मादीने तर त्याचाच वेष उचललाय. स्वतः कडू नाही, रंग मात्र कडवाचा! तिच्या अळ्या वाढतात घोळीवर, म्हणजे आपल्या भाजीवरच.

शेतकऱ्याला हे कौतुक सांगताना जरा जपून. राइस स्विफ्ट आणि इव्हिनिंग ब्राउन या दोघांच्या अळ्या धानाची पातीही खातात, आणि धान म्हणजे या जिल्ह्याचा जीव.

आमच्या अंगणात तूर्त तह झालाय. गोडलिंबाच्या खालच्या फांद्या काकूंच्या फोडणीला, शेंड्याची कोवळी पानं अळ्यांना. काकूंना अटी मान्य आहेत. अळ्या खालच्या फांदीवर उतरल्यात.